लोणारचा खार आणि धुण्याची पावडर

धुण्याच्या पावडरीचं पाकीट उलटं करून वाचायची सवय फार कुणाला नसते. कधी वाचलंत तर सोडा, सुगंध, रंग यांच्या रांगेत बारीक अक्षरांत एक शब्द दिसेल: एन्झाइम. शाळेच्या पुस्तकात आपण त्याला विकर म्हणायचो. पावडरीत त्याचं प्रमाण शेकड्यात एखादा भाग, कधी त्याहूनही कमी. पण रक्ताचा, दुधाचा, अंड्याचा आणि कॉलरवरच्या घामाचा डाग काढायचं खरं काम तो करतो. डागातलं प्रथिन कपड्याला घट्ट धरून बसतं. एन्झाइम त्या प्रथिनाचे बारीक तुकडे करतो आणि मग ते तुकडे पाण्याबरोबर निघून जातात.

हा एन्झाइम कुठल्या तरी जीवाणूनं बनवलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो जीवाणू मुळात मातीतून आलेला असतो. साध्यासुध्या मातीतून नव्हे, तर शेतकरी जिला शिव्या घालतो अशा माती-पाण्यातून.

मी जळकोटचा. लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं जळकोट नव्हे. धाराशिव जिल्ह्यातलं, सोलापूरहून हैदराबादकडे निघालात की नळदुर्गच्या पुढे हायवेवर लागतं ते. पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो आणि बायोलॉजी दहावीनंतर सोडलेली. या विषयात शिरलो तो माती परीक्षणाच्या एका कागदामुळे. आमच्या ओढ्याकडच्या तुकड्याचा सामू ८.६ आला होता. अण्णांनी कागदाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला आणि खाली एकच शब्द लिहिला: ‘चोपण’.

सामू म्हणजे पीएच. ७ म्हणजे ना आंबट ना खारं. त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. एकेका आकड्यागणिक दहापट फरक पडतो, म्हणजे १० सामूचं पाणी ८ सामूच्या पाण्यापेक्षा शंभरपट अल्कधर्मी. हे घरबसल्या बघायचं असेल तर हळदीच्या डागावर साबण लावा. पिवळा डाग लालसर होतो. तो साबणातला अल्क बोलतोय. (हळदीचा रंग हे प्रथिन नव्हे, त्यामुळे वर सांगितलेला एन्झाइम त्याला हातही लावू शकत नाही. आईची तक्रार रास्त आहे.)

चोपण जमीन ओली असली की निसरडी आणि चिकट, वाळली की दगड. पाऊस पडला की पाणी वर उभं राहतं, आत मुरत नाही. याचं कारण सोडियम. चांगल्या काळ्या मातीत चिकणमातीच्या कणांना कॅल्शियम धरून ठेवतो, त्यांचे गुच्छ होतात, गुच्छांमधून हवा-पाणी खेळतं. कॅल्शियमच्या जागी सोडियम बसला की गुच्छ सुटतात, सुटे कण मातीची छिद्रं बुजवतात आणि मुळं गुदमरतात. लोह मातीत असूनही पिकाला मिळत नाही आणि हरभरा पिवळा पडतो. म्हणून अशा जमिनीत जिप्सम टाकतात, म्हणजे कॅल्शियम परत आणून सोडियमला हुसकतात आणि चर काढून पाण्याबरोबर बाहेर घालवतात.

हे दुखणं आपल्याकडे नवं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला नीरेचा कालवा आला, ऊस आला, आणि काही वर्षांतच बागायती जमिनींवर पांढरी पुटं चढायला लागली. पुण्याच्या शेती कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर एक पुस्तिकाच काढली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत या विषयावर जे लिहिलं गेलं त्याचा सूर एकच आहे: ही जमीन दुरुस्त कशी करायची? शेतकऱ्याचा प्रश्न तोच असणार, त्यात चूक काही नाही. पण त्या जमिनीत काय जगतंय, हा प्रश्न बराच काळ कुणी विचारला नाही.

आता जळकोटहून सरळ उत्तरेला, मराठवाडा ओलांडून बुलढाणा जिल्ह्यात जाऊ. आमच्या शेताखाली जो काळा खडक आहे त्याच दख्खनच्या बेसाल्टमध्ये तिथे पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचा एक खड्डा आहे. लोणार. हा खड्डा ज्वालामुखीनं केला की उल्केनं यावर बराच वाद झाला. १९७३ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या संशोधनानं तो उल्केच्या पारड्यात टाकला. खड्ड्याच्या वयावर अजून एकमत नाही, बावन्न हजार वर्षांपासून पावणेसहा लाख वर्षांपर्यंतचे आकडे आहेत.

खड्ड्यातून पाणी बाहेर पडायला वाट नाही. चहूबाजूंनी झिरपून येणारं पाणी बेसाल्टमधले क्षार घेऊन येतं, ऊन पाणी उडवतं, क्षार मागे राहतात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आधी तळाला बसतात, उरतो तो सोडियम, कार्बोनेट आणि मीठ. ओढ्याकडच्या आमच्या तुकड्यात जे लहान प्रमाणात घडतं तेच इथे हजारो वर्षं, मोठ्या प्रमाणावर घडत आलं. सरोवराच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास, काही जुन्या मोजण्यांत त्याहूनही वर. पापडखाराची चिमूट जिभेवर ठेवली की जी सणसणीत, किंचित साबणासारखी चव येते, साधारण त्या जातीचं हे पाणी.

आणि लोकांनी त्याचा नेमका तोच उपयोग केला. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलनं ‘आइन-ए-अकबरी’ लिहिलं तेव्हा वऱ्हाड नुकतंच मोगलांकडे आलं होतं. वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणार येतं. ब्राह्मण त्याला विष्णुगया म्हणतात, असं तो सांगतो, आणि लगेच दफ्तरी माणसाला साजेसं पुढचं वाक्य: इथे काच आणि साबण करायला लागणारा माल निघतो आणि त्यातून सरकारला चांगला महसूल मिळतो. दैत्यसूदनाचं देखणं देऊळ, लवणासुराची कथा हे सगळं त्या गावात होतंच. दिल्ली-आग्र्याला मात्र रस होता साबणाच्या मालात.

पुढे तीनशे वर्षं हे चाललं. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावर क्षारांचे थर उघडे पडायचे. ते गोळा करणाऱ्यांनी त्यांना प्रतीनुसार नावं दिली होती: दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. १९१२ साली भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या ला टूश आणि ख्रिस्ती यांनी सरोवराचं भूशास्त्र आणि क्षार यांची रीतसर तपासणी केली. मग कारखान्यातला सोडा स्वस्त होत गेला. १९३९ साली मिठापूरला टाटा केमिकल्सची स्थापना झाली आणि लोणारचा खार बाजारातून मागे पडत नाहीसा झाला.

धुण्याची गोष्ट मात्र दुसरीकडे वेगळं वळण घेत होती, आणि ती सुरू होते कुत्र्याच्या विष्ठेपासून. खरंच. युरोपातले चामडं कमावणारे लोक कातडं मऊ करायला कुत्र्याची नाहीतर कबुतराची विष्ठा कोमट पाण्यात कालवून वापरायचे. ऑटो रोम या जर्मन रसायनतज्ज्ञाला वाटलं, विष्ठेतले पाचक रसच हे काम करत असणार. मग थेट जनावराच्या स्वादुपिंडातून ते रस काढले तर? १९०७ साली त्यानं तसं उत्पादन काढलं आणि ते चाललं. चामडं हे प्रथिन, कपड्यावरचे डागही प्रथिन, तेव्हा पुढची उडी सरळ होती. १९१३ मध्ये त्यानं धुण्याच्या पावडरीत हेच एन्झाइम घालण्याचं पेटंट घेतलं. ‘बर्नस’ नावानं ती विकली गेली.

पण ती जेमतेम काम करायची. कारण सोपं आहे. धुण्याच्या पाण्यात सोडा घालावा लागतो. आमच्याकडच्या विहिरीचं पाणी जड, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. सोडा घातला की पाण्यातलं कॅल्शियम खाली बसतं आणि साबण आपलं काम करतो. म्हणून जगभरच्या धुण्याच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो. १९६९ साली अहमदाबादेत सुरू झालेली निरमा इतकी स्वस्त होती, त्याचं एक कारण तिच्यातला भरपूर सोडा. डुकराच्या नाहीतर गाईच्या पोटातलं एन्झाइम अशा पाण्यात फार काळ टिकत नाही. ते आतड्यात काम करायला घडलेलं आहे.

१९४७ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत (हो, बिअरवालेच) लिंडरस्ट्रॉम-लँग आणि ओट्टेसन अंड्याच्या पांढऱ्यावर काम करत होते. त्यांच्या द्रावणात एक जीवाणू घुसला आणि त्यानं प्रथिनाचं रूपच बदलून टाकलं. जीवाणू होता मातीतला बॅसिलस. त्यानं बाहेर सोडलेल्या एन्झाइमला पुढे सब्टिलिसिन हे नाव मिळालं, आणि ते अल्कधर्मी पाण्यात मजेत काम करायचं. साठच्या दशकात डेन्मार्कच्या नोवो कंपनीनं ते बाजारात आणलं आणि काही वर्षांतच युरोपातल्या पावडरींमध्ये एन्झाइम आलं. मग पावडरीच्या कारखान्यांतल्या कामगारांना दम्यासारखा त्रास व्हायला लागला. एन्झाइमची उडती धूळ छातीत जात होती. एकोणिसशे सत्तरच्या आसपास ओरड झाली, विक्री कोसळली, आणि एन्झाइमचे दाणे मेणासारख्या थरात गुंडाळायचं तंत्र निघाल्यावरच धंदा सावरला. पाकिटात आज जे रंगीत दाणे दिसतात, त्यांच्यातल्या काहींमागे ही कथा आहे.

त्याच सुमाराला, नोव्हेंबर १९६८ मध्ये, कोकी होरिकोशी नावाचा जपानी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फ्लॉरेन्समध्ये जुन्या इमारती बघत उभा होता. पाचशे वर्षांपूर्वी जपानमधल्या कुणालाही असं काही जगात आहे याची कल्पना नसणार, असं त्याच्या मनात आलं. त्यापाठोपाठ दुसरा विचार: जीवाणूंचंही असंच असेल तर? आपण त्यांना नेहमी ७ सामूच्या, सौम्य पाण्यात वाढवतो. ज्यांचं जगच वेगळं आहे ते आपल्याला कधी दिसणारच नाहीत. प्रयोगशाळेत जीवाणू वाढवण्यालाही कल्चरच म्हणतात, त्यामुळे हा विचार त्याला शब्दशः सुचला असावा. परतल्यावर त्यानं नेहमीच्या पोषक द्रावणात सोडा घालून सामू १० वर नेला, तीस नळ्या भरल्या आणि संस्थेच्या आवारातली माती उचलून थोडी थोडी प्रत्येकीत टाकली. दुसऱ्या दिवशी सगळ्या नळ्यांत जीवाणू वाढलेले होते.

मला या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा भाग फ्लॉरेन्स वाटत नाही, आवारातली माती वाटते. ती लोणारची नव्हती, चोपणही नव्हती. अल्कप्रेमी जीवाणू साध्या बागेच्या मातीतही निघतात, फक्त विचारणाऱ्यानं १० सामूच्या भाषेत विचारायला हवं. मग चोपण मातीत ते किती असतील याचा अंदाज करा. १९७१ मध्ये होरिकोशीनं अशा जीवाणूच्या प्रथिन कापणाऱ्या एन्झाइमवर पहिला निबंध छापला आणि पुढची चाळीस वर्षं तो तेच करत राहिला. १९८७ साली जपानच्या काओ कंपनीनं अल्कप्रेमी जीवाणूचं सुती धागा साफ करणारं एन्झाइम घालून ‘अटॅक’ पावडर काढली. तिचा खोका आधीच्या पावडरींच्या मानानं पुष्कळच लहान होता.

हे जीवाणू जगतात कसे, यात इंजिनिअर माणसाला जास्त मजा येते. आपली पेशी असो की जीवाणूची, तिच्या आतली यंत्रणा १० सामूला चालत नाही. अल्कप्रेमी जीवाणूचीही नाही! बाहेर १०.५ असताना तो आत सामू ८.२ च्या आसपास राखून असतो. म्हणजे त्याची आतली खोली शंभरपटीहून सौम्य आहे, आणि ती तशी ठेवायला दारात अखंड पंप चालू लागतो. हा पंप एक सोडियम बाहेर फेकतो आणि बदल्यात हायड्रोजनचा आयन आत ओढतो. मग तोच सोडियम परत आत येताना त्याच्यावर कामं करून घेतली जातात: अन्न आत ओढणं, शेपटी फिरवणं. इतर जीवाणूंची शेपटी हायड्रोजनच्या आयनांवर फिरते, यांची सोडियमवर. ज्या सोडियमनं आमचा हरभरा पिवळा पडतो, तो यांचं इंधन आहे. शिवाय पेशीच्या भिंतीवर आम्लधर्मी साखळ्यांचा थर असतो, तो बाहेरच्या अल्काला थोपवतो.

आता गंमत बघा. आतली एन्झाइम सौम्य खोलीत बसलेली, त्यामुळे ती साधीच असतात. पण अन्न फोडायला जीवाणू जी एन्झाइम भिंतीबाहेर सोडतो, त्यांना डोक्यावर छप्पर नाही. त्यांना १० सामूतच काम करावं लागतं, नाहीतर जीवाणू उपाशी मरेल. पावडरवाल्यांना हवी ती नेमकी हीच, बाहेर सोडलेली. पेशी फोडायचीही गरज नाही, द्रावण गाळलं की माल हातात.

होरिकोशीच्या संग्रहातला सी-१२५ नावाचा एक जीवाणू मातीतलाच. त्याचं एक बिघडलेलं भावंड सापडलं, जे ९.५ च्या वर जगूच शकत नव्हतं. शोध घेतल्यावर कळलं की सोडियमच्या पंपाच्या जनुकात एका अक्षराचा बदल झालाय. बेचाळीस लाख अक्षरांतलं एक. रात्री दोन वाजता एका अर्धविरामासाठी ज्यांनी कोड उपसलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. सी-१२५ चा, म्हणजे बॅसिलस हॅलोड्युरन्सचा, पूर्ण जीनोम २००० साली प्रसिद्ध झाला. साधा मातीतला बॅसिलस सब्टिलिस तीन वर्षं आधीच वाचून झाला होता. दोघांच्या पोथीची जाडी जवळपास सारखीच, चार हजारांच्या आसपास जनुकं. त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून ‘हा खाऱ्यात का जगतो आणि तो का नाही’ हे ओळ अन् ओळ ताडून बघता येऊ लागलं.

आपल्याकडेही हे काम झालंय, आणि पुण्याच्या लोकांनी बरंच केलंय. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, अल्कात काम करणारी प्रथिन कापणारी एन्झाइम आणि कागदाच्या लगद्याला उजळायला मदत करणारी झायलनेज एन्झाइम यांवर अनेक वर्षं काम चाललं. माला राव, वासंती देशपांडे आणि त्यांच्या दोन सहकारी स्त्रियांनी १९९८ मध्ये सूक्ष्मजीवांच्या प्रोटिएजवर लिहिलेला मोठा आढावा आजही या विषयात जगभर उद्धृत होतो. आघारकर संस्थेत प्रज्ञा कानेकर आणि त्यांच्या गटानं लोणारच्या पाण्यातून-गाळातून जीवाणू वाढवले आणि कोणता काय पचवतो ते तपासलं. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे यांच्या गटानं दुसरी वाट धरली: जीवाणू वाढवायचेच नाहीत, गाळातला डीएनए थेट वाचायचा. कारण प्रयोगशाळेत वाढायला राजी होणारे जीवाणू एकूणातले थोडेच असतात.

हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी लोणारमधून नव्या प्रजातीच नव्हे, नवे वंश काढले. २०१० मध्ये इंडिबॅक्टर अल्कालिफिलस, त्यात भारताचं नाव. २०१२ मध्ये सेसेंबिया लोनारेन्सिस, त्यात प्रयोगशाळेचं आणि सरोवराचं नाव. (सीसीएमबी हे पटपट म्हणा, सेसेंबिया कसं झालं ते कळेल.) दोघांचेही जीनोम वाचून झाले आहेत.

आणि इथून पुढे माझ्या धंद्याचा विषय सुरू होतो. मागच्या महिन्यात एका रात्री मी सेसेंबिया लोनारेन्सिसचा जीनोम लॅपटॉपवर उतरवून घेतला. अमेरिकन सरकारच्या सार्वजनिक डेटाबेसवर तो आहे. लॉगिन नाही, पैसे नाहीत, कुठल्या अटींवर टिक करायची नाही. फाइल जेमतेम एखाद्या गाण्याएवढी. शोधाच्या चौकटीत पेप्टिडेज, म्हणजे प्रथिन कापणारं एन्झाइम, असं टाकलं की जनुकांची यादी समोर येते. यातलं एखादं जनुक पसंत पडलं तर ते कृत्रिमरीत्या बनवून देणाऱ्या कंपन्या आहेत. दुसऱ्या एखाद्या पाळीव जीवाणूत ते बसवायचं आणि टाकी भरून एन्झाइम काढायचं. लोणारला येण्याची गरज नाही. चमचाभर गाळसुद्धा हलवावा लागत नाही.

याची झलक केनियानं आधी पाहिली आहे. तिथल्या बोगोरियासारख्या सोडा सरोवरांतून १९९२ च्या सुमाराला इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठाचे शास्त्रज्ञ नमुने घेऊन गेले. त्यातून पुढे जेनेनकोर कंपनीची एन्झाइम निघाली, त्यातलं एक जीन्सला जुनाट, मऊ रूप द्यायला वापरलं जाई. कापडाच्या गिरणीत दगड टाकून जीन्स घासायची पद्धत होती, ते काम एन्झाइम करू लागलं. २००४ मध्ये केनियाच्या वन्यजीव खात्यानं नफ्यातला वाटा मागितला, आमची परवानगी नव्हती म्हणाले. परवानग्या रीतसर होत्या असं कंपनीचं म्हणणं. पुढे २००७ मध्ये त्याच खात्यानं दुसऱ्या कंपनीशी, नोवोझाइम्सशी, आधीच वाटा ठरवून करार केला. भांडण होऊ शकलं कारण नमुना कुणीतरी उचलून नेला होता. फाइलच्या बाबतीत उचललं कुणी काहीच नाही.

भारताचा जैवविविधता कायदा २००२ चा. त्यात जैविक संसाधनाच्या व्याख्येत सूक्ष्मजीव स्पष्टपणे आहेत. परदेशी कंपनीला आपल्या मातीतला जीवाणू हवा असेल तर राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि फायद्यातला वाटा ठरतो. पण डेटाबेसमधल्या अक्षरांचं काय, यावर जग कित्येक वर्षं वाद घालत होतं. २०२४ मध्ये कोलंबियात कॅली इथल्या परिषदेत एक निधी ठरला: अशा जनुकीय माहितीवर धंदा करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा एक टक्का किंवा उलाढालीचा एक दशांश टक्का त्यात टाकावा, आणि त्यातला किमान निम्मा भाग आदिवासी आणि स्थानिक समुदायांसाठी जावा. ‘टाकावा’ आहे, ‘टाकलाच पाहिजे’ नाही.

ओपन सोर्सवर पोट भरणारा माणूस म्हणून मला ही माहिती कुलपात घालावी असं अजिबात वाटत नाही. सी-१२५ चा जीनोम जपाननं खुला ठेवला म्हणून आपल्या विद्यापीठातली एमएस्सीची मुलगी आज त्याच्यावर प्रकल्प करू शकते. पण ओपन सोर्समध्येही लायसन्स असतं. कुणी लिहिलं ते वर राहतं, कुठून घेतलं ते राहतं. जीनोमच्या फाइलीत ‘कुठून’ या रकान्यात ‘लोणार सरोवर, भारत’ असं असतं, आणि तिथून उचललेल्या एका जनुकाचं एन्झाइम पाकिटात पोचेपर्यंत ते कुठेतरी गळून पडतं. चारशे वर्षांपूर्वीच्या एका कारकुनी नोंदीमुळे लोणारच्या साबणाचा हिशेब आपल्याला आज ठाऊक आहे. तो महसूल लोणारकरांना मिळाला असं अबुल फजल म्हणत नाही, हेही खरं. पण नोंद आहे.

तिकडे सरोवराचीही गंमत राहिलेली नाही. गावाचं सांडपाणी उतारावरून सरोवरात येतं, गोडं पाणी वाढलं की खार पातळ होतो. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे हा विषय वर्षानुवर्षं आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळ्यांच्या फोनवर लोणार पोचलं. तपासणीत कारण निघालं मिठाळ पाण्यात फोफावणारे गुलाबी सूक्ष्मजीव. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर दर्जा मिळाला. रामसरचा फलक पक्ष्यांसाठी लोकांना थांबवतो. १० सामूशिवाय न जगणाऱ्या जीवाणूसाठी मात्र खार पातळ होणं म्हणजे जंगलतोडच. काही प्रजाती पुण्यातल्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रहासारख्या ठिकाणी गोठवून ठेवलेल्या आहेत. नवी प्रजाती जाहीर करायची तर नियमानुसार ती दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावीच लागते, त्यामुळे परदेशातही आहेत. पण ज्या वाढवताच आल्या नाहीत त्या कुठल्याच फ्रीजमध्ये नाहीत.

त्याच कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीनं लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. दोन-तीन गावांच्या नोंदवह्या मी चाळल्या आहेत. बाभूळ, कडुलिंब, देवणी गाय, माशांच्या जाती, वैदूच्या वनस्पती, सगळं व्यवस्थित. मातीच्या पोटातलं काही नाही. दिवाळीत गावी गेलो तेव्हा आमच्याकडच्या ग्रामसेवकांना विचारलं, “भाऊसाहेब, नोंदवहीत जीवाणू लिहिता येतो का? चोपण जमिनीतला. कायद्यात बसतो.”

त्यांनी छापील तक्ता पुढे ओढला आणि रकान्यांवर बोट फिरवलं. “लिहू की. पण इथं ‘स्थानिक नाव’ आहे. त्याला गावात काय म्हणतात?”

“चोपण लिहा,” मी म्हटलं.

“ते मातीचं झालं,” ते म्हणाले, आणि रकाना पेन्सिलीनं रिकामा ठेवून पुढच्या पानावर गेले.